हॉर्नच्या आधीची घंटा

“शास्त्रीबाब, तुमची घंटा मला रविवारपर्यंत रोज संध्याकाळी हवी आहे,” असे म्हणून फर्मिन मेस्तांनी टोपी काढून माझ्या टेबलावर, थेट उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली.

मधली सुट्टी होती. गिरगावातल्या आमच्या शाळेत मी तेव्हा संस्कृत शिकवीत असे आणि उपमुख्याध्यापकपदाचा भारही वाहत असे. त्यामुळे व्हरांड्यात टांगलेली काशाची जाड थाळी, जिला शाळेत सर्व जण घंटा म्हणत, ती माझ्या अखत्यारीत होती. फर्मिन रिबेलो रस्त्यापलीकडच्या घरात पहिल्या मजल्यावर राहत. मूळचे गोव्यातल्या साष्टीचे. मुलांना व्हायोलिन शिकवून प्रपंच चालवीत आणि वर्षातून एकदा अठ्ठावीस वादकांचा एक हौशी वाद्यवृंद जमवून त्याचे संचालन करीत. गोव्याकडे संगीतशिक्षकाला मेस्त म्हणतात, म्हणून सगळी आळी त्यांना मेस्त म्हणे.

घंटा कशासाठी, असे मी विचारले. त्यांनी सांगितले की, अकरा वर्षे ते माझ्या घंटेवर आपल्या व्हायोलिनचा सूर पडताळून पाहत आले आहेत. तिचा सूर, त्यांच्या स्वरलिपीत, शुद्ध ई-फ्लॅट आहे. थंडीत नाही, उन्हाळ्यात नाही, कधी केसभरही ढळत नाही.

तेवीस वर्षे ती थाळी माझ्या डोक्याजवळ वाजत होती. वर्गात चला आणि वर्गातून निघा, यापलीकडे ती काही बोलत असेल अशी शंकाही मला आली नव्हती. ज्याचे कान शुद्ध त्याला काशाचा ठणठणाटही मंत्रासारखा ऐकू येत असावा. मी घंटा देण्याचे कबूल केले. मात्र शाळेची वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची आमच्यात रीत नाही, तेव्हा तिच्याबरोबर मीही येईन, असे सांगितले.

“मला तेंच पाहिजे होतें,” मेस्त म्हणाले. टोपी उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होते, त्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला.

तालमी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर चालत. पाश्चात्त्य वाद्यवृंद मी तोवर फक्त लांबून, रेडिओ बंद करताना ऐकला होता. प्रथम मला वाटले, आपण उशिरा आलो आणि भांडण लागले आहे. मग मेस्तांनी छडीने टेबलावर टकटक केली, ओबो नावाच्या सनईच्या धाकट्या बहिणीने एक सूर धरला, आणि सगळ्यांनी आपापली वाद्ये त्या एका सुरापुढे नम्र केली. हे मला फार आवडले. गुरू सर्वांत मोठा नसतो, सर्वांत स्थिर असतो, हे त्या बारीक नळीवरून कळत होते.

वाद्यांची उणीव पुष्कळ होती. हार्प नव्हती, तिचे काम उभ्या पियानोवर भागवीत. बासून वाजविणारा एकच, तोही रेल्वेत फिरतीवर. तो नसला की त्याचे सूर चेलो पोटात घेई. टिंपनी म्हणजे तांब्याच्या दोन दुंदुभी मात्र अस्सल होत्या आणि त्यांच्यामागे एक शांत गृहस्थ स्वयंपाक्यासारखे कान लावून उभे असत.

सादर व्हायचा होता तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपीय संगीतिकेतला दुसऱ्या अंकाचा शेवट. गायक नाहीत, केवळ वाद्ये. कथा मेस्तांनी मला सांगितली. तळ्याखाली बुडालेले एक गाव. तिथे पूर्वी एक शिकारी आणि त्याची वाग्दत्त वधू राहत. तो परततो तेव्हा गाव पाण्याखाली गेलेले असते. काठावर तो उभा राहतो, वादळ होते, शमते, आणि मग पाण्याच्या तळातून देवळाची घंटा एकदाच वाजते. तिचा नाद विरता विरता त्याच सुरात शिकाऱ्याचे शिंग वाजू लागते. घंटेचाच नाद माणसाचा झाला, असे ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे. ते शिंग म्हणजे हॉर्न.

हॉर्न वाजवीत इनास आब्रेव. मेस्तांच्या पत्नीचे थोरले बंधू, त्यांच्याच घरी राहणारे, वय अडुसष्ट, उंच, किंचित वाकलेले. त्यांचे वाद्य मी प्रथम पाहिले तेव्हा गोगलगाय पितळेची केली आहे असे वाटले. बारा फूट नळी गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि उजवा हात तिच्या रुंद तोंडात घालून ठेवायचा. पहिल्या दिवशी मी समजलो, त्यांचे आत काही पडले आहे आणि ते चाचपत आहेत. मी शोधायला मदत देऊ केली. इनासबाब इतके हसले की त्यांना वाद्य खाली ठेवावे लागले. तिथून आमचा स्नेह जडला.

परंतु तालमीत तो एक सूर त्यांना साधत नव्हता. मी टोला द्यावा, नाद लांबत जावा, आणि हॉर्नमधून सुराऐवजी बदकाने खोकल्यासारखा आवाज यावा. तीन तालमींत तीनदा तसेच झाले. कोणी हसले नाही, हेच वाईट होते.

तिसऱ्या वेळी वाद्यवृंदाचे आश्रयदाते खरास शेठ मागे बसलेले होते. सभागृहाची व्यवस्था, वाद्यांची डागडुजी सारे त्यांच्याकडून होई. गृहस्थ सौजन्यशील, पण कानाचे कठोर. तालीम संपल्यावर त्यांनी मेस्तांना बाजूला घेऊन जे सांगितले, ते मेस्तांनी मला घरी जाताना सांगितले. शनिवार आणि रविवार असे दोन प्रयोग होते. दोन्हीत तो सूर निर्मळ आला तर ठीक; नाहीतर पुढच्या वर्षापासून हॉर्नचा भाग एका हॉटेलातला सॅक्सोफोनवाला वाजवील. तो माणूस कधी चुकत नाही.

“सॅक्सोफोन,” मेस्त पुन्हा म्हणाले. हा शब्द त्यांनी एखाद्या व्याधीच्या नावासारखा उच्चारला.

इनासबाबांना हे ठाऊक आहे का, असे मी विचारले. ठाऊक होते. त्यांनी मेव्हण्याला एवढेच म्हटले होते की, हॉर्न गेला तर मी नुसता लग्नांत केक कापताना टाळ्या वाजविणारा म्हातारा उरेन.

शनिवारी दुपारी रंगमंचावर मांडामांड झाली आणि माझ्यावर संकट कोसळले. तोवर मी मेस्तांच्या समोर उभा राहत असे. ते डाव्या हाताने खूण करीत आणि मी टोला देई. रिकाम्या सभागृहात घंटा ऐकून खरास शेठ म्हणाले, हे तळ्यातलं देऊळ नाही, ही शाळा सुटली. खरेच होते. शेवटी घंटा मागच्या पडद्याआड, एका अरुंद बोळात नेली. तिथून नाद दूरचा आणि ओला येऊ लागला. मात्र तिथून मेस्त दिसत नव्हते.

“मोजावें लागणार,” मेस्त म्हणाले. आणि आता ते त्या दिवशीचे हसू हसले. “म्हणून तर तुम्हांला आणलें, शास्त्रीबाब. आमचे लोक वीसपर्यंत मोजतात आणि मग घरच्या विचारांत पडतात. तुम्ही झोपेंतसुद्धां मात्रा मोजतां, मी ऐकलें आहे.”

झांजांचा मोठा आघात झाला की मोजायला लागायचे. चार मात्रांचा एक गट, त्याला ते ‘बार’ म्हणत. असे शंभर बार. मराठीत बार हा बंदुकीचा असतो, म्हणून मी मनात आवर्तन हा शब्द योजला. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर दुंदुभीचा एक हलका ठोका पडत राहील, तो बोळात ऐकू येईल. शंभर आवर्तने पूर्ण झाली की टोला. शेवटी शेवटी व्हायोलिने एकाच स्वरावर थरथरत राहतील, आणि माझा टोला आल्यावाचून पुढे कोणाला जाता येणार नाही. मी त्यांना निर्धास्त राहण्यास सांगितले. मोजणे हा आमच्या घराण्याचा सात पिढ्यांचा व्यवसाय होता.

त्या संध्याकाळी सभागृह भरले होते. मी बोळात घंटेसमोर उभा राहिलो. स्नान करून, धूतवस्त्र नेसून आलो होतो. ज्या कलेत आपला अधिकार नाही तिच्या दारात तरी शुचिर्भूत उभे राहावे. झांजा वाजल्या. मी जपाची माळ काढली. माळ उजव्याच हातात धरायची असते, म्हणून टोल्याची लाकडी मोगरी डाव्या हातात घेतली, आणि दुंदुभीच्या प्रत्येक ठोक्याला एक एक मणी ओढू लागलो. वादळ झाले, शमले. हॉर्नचे मंद सूर साथीला येत होते, तेही थांबले. मग नुसता व्हायोलिनांचा कंप. तो कंप वाढेना, मिटेना. फार सुंदर वाटला मला. केवढा धीराचा रचनाकार, असे मनात म्हणालो. मेरुमणी बोटाला लागला. मी टोला दिला.

नाद गेला, आणि तो जिथे संपतो असे वाटले तिथे हॉर्न उगवला. उगवला हाच शब्द. कुठेही जोड नव्हता. मी बोळातल्या अंधाराला हात जोडले.

टाळ्या चालू असतानाच मेस्त पडदा सारून आत आले. चेहरा घामाने थबथबला होता.

“किती मोजलेत?”

“शंभर,” मी म्हणालो.

“शास्त्रीबाब, आठ बार मी समुद्रांत उभा होतों. व्हायोलिनवाल्यांचे हात गळून पडायला आले. किती मोजलेत, खरें सांगा.”

“एक माळ. म्हणजे शंभर.”

“माळेंत मणी किती?”

“एकशे आठ.”

मेस्तांनी भिंतीला हात टेकला. मी त्यांना शांतपणे समजावून दिले की, माळेचे मणी एकशे आठ असले तरी जपाची गणना शंभरच धरायची, हा शिष्टांचा संकेत आहे. जपता जपता चित्त विचलित होते, उच्चार अडखळतो. त्या उण्यासाठी आठ मणी सोडून द्यायचे असतात. चाळीस वर्षे मी एक माळ म्हणजे शंभर असेच मोजत आलो होतो. हे सांगत असताना माझे मलाच ऐकू येऊ लागले आणि वाक्याचा शेवट मी फार हळू केला.

“ते आठ चुकांचे,” मेस्त म्हणाले.

“होय.”

“आणि तुम्ही आज एक तरी चूक केलीत?”

“एकही नाही,” मी म्हणालो. त्या उत्तरात जो पेच होता तो आम्हां दोघांच्याही एकदमच ध्यानी आला. मेस्त बोळातच खाली बसले आणि मांडीवर थापा मारीत हसू लागले. हसता हसता त्यांनी सांगितले की, खरास शेठ बाहेर डोळे पुसत आहेत. अशी प्रतीक्षा त्यांनी कधी ऐकली नव्हती. पण निकाल उद्या. एकदा साधते ते दैव असते, असे ते म्हणाले.

मग मेस्त उठले आणि गंभीर झाले. रचनाकाराने शंभर लिहिले होते. उद्या शंभर म्हणजे शंभर. माळ घरी ठेवायची. मी तत्काळ शब्द दिला. पुस्तकात नसलेला एक अनुस्वार लिहिल्याबद्दल विद्यार्थ्याचा अर्धा गुण कापणारा मी; दुसऱ्याच्या ग्रंथात आठ आवर्तने घुसडल्याची लाज मला रात्रभर पुरली असती. पण ती पुरू दिली नाही इनासबाबांनी. मी घंटा झाकीत असताना ते एकटेच आले.

त्यांनी माझा हात धरला आणि एक गुपित सांगितले. गणपतीच्या सुमारास त्यांचे पुढचे दोन दात गेले होते. वर कवळी बसविली होती. साथीचे सूर वाजविताना ओठांच्या दाबाने ती सुटे. साथ संपायची शहाण्णवाव्या बारला. उरलेल्या चारांत रुमाल तोंडाशी धरून ती अंगठ्याने वर दाबायची, आणि चार बार पुरत नसत. घरात कोणाला सांगितले नव्हते. मेव्हण्याला तर नाहीच. तो शिस्तीचा माणूस, त्याने त्यांना स्वतःच घरी बसविले असते.

“आज तुम्ही आठ बार दिलेत,” ते म्हणाले. “कशे दिलेत, मी विचारीत नाही. देव बरें करूं.”

उद्याचे त्यांनी काही मागितले नाही. मागितले असते तर मला नकार देता आला असता.

रविवारी मी माळ खरोखर घरी ठेवली. बोळात उभा राहून बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. त्या दिवशी मनात दोन आवाज वादाला बसले होते. एक म्हणत होता, तू शब्द दिला आहेस; जो हा ग्रंथ लिहून गेला तो आपले म्हणणे मांडायला इथे येऊ शकत नाही, त्याची अक्षरे राखणे एवढेच तुझ्या हाती. दुसरा आवाज फारसे बोलत नव्हता. तो नुसता अंगठ्याने कवळी वर दाबीत होता.

साथीचा हॉर्न थांबला. शहाण्णव. सत्त्याण्णव. दुंदुभीचे ठोके मला आज विलक्षण दूर दूर पडत आहेत असे वाटले. माझी अधीरता असेल म्हणून मी दुर्लक्ष केले. नव्व्याण्णव. शंभर. मोगरी उचललेली होती. ती तशीच उचललेली राहिली. आठ मणी चुकांसाठी असतात, पण त्या जपणाऱ्याच्याच चुका असाव्यात असे कुठे लिहिलेले मला आठवले नाही. मी पुढे मोजत गेलो. एकशे एक. एकशे दोन. आयुष्यात प्रथमच मी जाणूनबुजून अशुद्ध पाठ करीत होतो. एकशे आठ. टोला.

नाद विरला. हॉर्न आला नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला. मग आला तो घोगरा, तळातून ओढून काढल्यासारखा. मला वाटले फुटला. पण फुटला नाही. दोन मात्रांनी तो मोकळा झाला आणि सभागृहभर पसरला. मी घंटेच्या थाळीला कपाळ टेकले. ती अजून थरथरत होती.

निकाल मला त्या दिवशी कळला नाही. माणसांची दाटी झाली आणि मी मागच्या दाराने निघून आलो. मेस्तांच्या नजरेस पडायचे धैर्य मला नव्हते.

सोमवारी सकाळी साडेनवाला, शाळा भरण्यापूर्वी, मेस्त आणि इनासबाब दोघे मिळून घंटा घेऊन आले. मी स्टुलावर चढून ती आकड्यात अडकविली, खाली उतरलो आणि मेस्तांसमोर उभा राहून अपराध कबूल केला. शब्द मोडला, एकशे आठ मोजले, जाणून मोजले, असे सांगितले. कारण सांगितले नाही. ते माझे नव्हते.

मेस्त छपराकडे पाहत म्हणाले, “मी पण घंटेआधीचे शेवटचे दहा बार निम्म्या वेगानें वाजवले. शनिवारी रात्री तुमची वहिनी बोलली मला, दातांचें. गेल्या महिन्यांत तिने रुमाल धुतले, त्यांवर हिरड्यांचें रक्त दिसलें, तेव्हांच तिला कळलें.”

आम्ही दोघांनी इनासबाबांकडे पाहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हे लाजणे असावे असे मला वाटले. पण ते दुसरेच काही होते.

“म्हणजे तुम्ही दोघे होतां,” ते अगदी सावकाश म्हणाले. “मला वाटलें वरचा देव रागावला.”

मग त्यांनी जे सांगितले ते असे. शनिवारी यश आले, पण दैवावर दुसऱ्यांदा भार टाकायचा नाही असे त्यांनी ठरविले. रविवारी सकाळी चर्चहून येताना काष्ठौषधीच्या दुकानातून डिंकाची बारीक पूड आणली आणि कवळी अशी घट्ट बसविली की ती आजही निघत नव्हती. साथ संपली तेव्हा ते पूर्ण सिद्ध होते. शहाण्णवाव्या बारला त्यांनी ओठ वाद्याला तसेच लावून ठेवले, छाती भरून घेतली, आणि घंटेची वाट पाहू लागले. घंटा येईना. मेस्तांची छडी पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. शंभर झाले तरी घंटा नाही. श्वास सोडावा तर तेवढ्यात ती वाजेल. ओठ सुकत चालले, वाळवणातल्या बोंबलासारखे. डोळ्यांपुढे प्रथम खरास शेठ दिसत होते, मग नुसता सॅक्सोफोन दिसू लागला. अखेरीस घंटा वाजली तेव्हा त्यांच्यात वारा उरलेला नव्हता. नव्याने श्वास घेऊन, कोरड्या ओठांनी, केवळ संतापाच्या बळावर त्यांनी तो सूर काढला.

मेस्तांनी मान खाली घातली. मीही घातली. मी घाबरत विचारले, शेठ काय म्हणाले?

खरास शेठ रंगमंचावर येऊन इनासबाबांना म्हणाले होते की, कालचा सूर निर्मळ होता, पण आजचा शिकारी खरोखर तळ्याकाठी वर्षानुवर्षे उभा राहिलेला वाटला. कोणाला सॅक्सोफोनवर अशी वाट पाहता येणार नाही. आब्रेव यांना जोवर हॉर्न उचलवतो तोवर तो त्यांचाच.

ऐकून मेस्त एकदम मेव्हण्याच्या गळ्यात पडले. त्या दोघांची उंची विषम असल्यामुळे ते आलिंगन काही काळ नीट जमेना. मुले दप्तरे घेऊन व्हरांड्यात गोळा होऊ लागली होती आणि आपल्या शास्त्र्यांना डोळे पुसताना पाहत होती.

इनासबाब मेव्हण्याच्या मिठीतून सुटले, त्यांनी कोट सारखा केला आणि माझ्याकडे वळून हात जोडले.

“शास्त्रीबाब, एक मागणें आहे. पुढच्या वर्षी कृपा करून कोणी माझ्यावर दया करूं नका. शनिवारी चुकलांत म्हणून वांचलों, काल दया केलीत म्हणून मरतां मरतां राहिलों. नुसते शंभर मोजा.”

मोजीन, असे मी वचन दिले.

मेस्तांनी टोपी डोक्यावर चढविली, दोन पायऱ्या उतरले आणि मागे वळून म्हणाले, “कुठले शंभर, तें आतांच ठरवून ठेवूं या.”